रुमालातले कागद वाचणार कोण?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद, नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला भारतीय ज्ञान प्रणालीचे, म्हणजे आपल्या जुन्या विद्या-परंपरांच्या विषयाचे, दोन क्रेडिट आलेत ते हवेत की नकोत. काका म्हणतात जग एक होत चाललंय, पोरांना आपलं काही ठाऊक नको का? भाचा बीएस्सीला आहे, तो म्हणतो मामा, पीडीएफ पाठ केली, एमसीक्यू दिले, विषय संपला. मला दोघांचंही पटतं.

मी जर्मनीत इंजिनियर आहे. मागे इथल्या एका विद्यापीठात मोडीच्या, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीच्या, सेमिनारला जाऊन बसायचो, विद्यार्थी चार आणि टेबलावर एका पेशवेकालीन पत्राची झेरॉक्स. मोडीत आधी शिरोरेघ ओढतात आणि मग बोरू फारसा न उचलता लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हेच आधी शोधावं लागतं. दीड तासात सहा ओळी लागल्या. तटाची पडझड झालीय, डागडुजीला माणसं पाठवा, एवढंच. पण शेजारची जर्मन मुलगी बोट सरकवत "राजमान्य राजश्री" पर्यंत पोचली तेव्हा मला गलबलून आलं, कारण आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत आहेत आणि घरात एकालाही ते वाचता येत नाहीत.

2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, 2025 ला मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आनंद मलाही झालाच. पण त्या काळचे कोट्यवधी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, रुमालात बांधलेले आहेत, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 पासून 45 खंड छापले तो त्यातला अगदी थोडा भाग. बाकीचे वाचणार कोण?

दोन क्रेडिट म्हणजे तीस तास, तेवढ्यात मोडीची बाराखडी आणि एखादं सोपं पत्र नक्की होतं! किंवा गावातल्या शिलालेखाचा ठसा घ्या, आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून उतरवून काढा. पेपर नको, एक कागद समोर ठेवा आणि म्हणा वाच.

आणि इकडे सगळं छान आहे असंही नाही हां, शिकवणाऱ्यांचा करार संपला तसा तो सेमिनारही बंद झाला. शिवाय मूळ कागद तिकडे, ती भाषा बोलणारी माणसं तिकडे, इथून कितीसं होणार.

भाच्याकडून आजोबांच्या खरेदीखताचा फोटो मागवलाय. पहिली ओळ मला लागलीय, दुसरीत एक नाव अडलंय, ते आता तो आईला विचारतोय.