आतून आलेलं उत्तर

सकाळपासून डोकं सणकलंय. एका ग्रुपवर कुणीतरी ऑनलाइन पोलचा निकाल टाकला, ‘५०,००० लोकांचं मत, हाच जनतेचा कौल!’ खाली अंगठ्यांचा पाऊस. मी विचारलं, अहो, हे ५०,००० कोण? तर म्हणे, तुमच्या सर्व्हेत हजारच माणसं असतात, ते बरं चालतं!

चालतं. कारण ती हजार माणसं चिठ्ठ्या उचलल्यासारखी निवडतात. मग चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे. देश एक कोटीचा असो की शंभर कोटींचा. स्वतःहून बटण दाबायला धावलेल्यांना हा हिशोब लागूच नाही.

कॉलेजात असताना मी हे काम केलंय. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं काढलेली. ज्याचं नाव त्यालाच गाठायचं, शेजारचा चालत नाही. एका घरी नाव बाईंचं होतं, दारात त्याच आल्या. मी प्रश्न वाचला. त्या बोलणार तोच आतून नवरा ओरडला, ‘लिहा हो, अमुक पक्ष!’ मी लिहिलं. अजून अकरा नावं बाकी होती.

१९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने मत विचारणारी एक कोटी कार्डं पाठवली, सुमारे २४ लाख परत आली, आणि निष्कर्ष निघाला, अध्यक्ष रूझवेल्ट पडणार. ते ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले! पत्ते कुठले, तर टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतले. मंदीत फोन कुणाकडे होता? जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्यामानाने मूठभर माणसं विचारून विजेता बरोबर सांगितला.

हो, १९४८ च्या निवडणुकीत हेच गॅलप तोंडावर आपटले, ट्रूमन पडणार म्हणाले आणि ते जिंकले. आणि पैसे घेऊन हवं ते उत्तर निघेल असा प्रश्न रचणारे आहेत, तेही मान्य. पुढे?

दोन निवडणुकांच्या मध्ये सरकारच्या कानापर्यंत कोण पोचतं? मोर्चेवाले, पैसेवाले, आणि आमच्या ग्रुपसारखे चोवीस तास मोकळे. जी माणसं कधीच बोलायला येत नाहीत, त्यांच्या दाराशी जाऊन ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारायची दुसरी सोय सांगा मला. त्या ५०,००० मध्ये ती बाई असेल?

असो. ग्रुपवर फार तावातावाने बोललो. बोलायचा मला तरी काय अधिकार? दार लावताना बाईंनी विचारलं होतं, ‘झालं का?’ मी म्हटलं, झालं. फॉर्मवर ‘उत्तर देणारी व्यक्ती’समोर मी ‘स्त्री’वर खूण केली होती.