'परदेशात बघा' म्हणणाऱ्यांनो

"परदेशात बघा, पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर दिसत नाही." वाडीच्या मंडळाच्या सभेत हे वाक्य पुन्हा एकदा बोललं गेलं. बोलणारे गृहस्थ मूळचे आमच्याच वाडीतले, पण उभं आयुष्य ठाण्यात काढलेले. परदेश म्हणून त्यांनी दुबई पाहिलीय, तीही टूरच्या बसमधून. सभा मी फोनवरून ऐकत होतो, इंग्लंडात, १९७२ च्या लँड रोव्हरखाली आडवा पडून. 'परदेशात' म्हणजे मी जिथे आहे तिथे काय चालतं, हे मला कोणी विचारलं नाही. म्हणून हे लिहितोय.

वाद मंडळाच्या जीपचा. १९८५ ची महिंद्रा, तीन अक्षरी जुन्या नंबरची. मूळची पेट्रोलवरची. पेट्रोल परवडेना तेव्हा मिस्त्रींनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणून बसवलं. मागच्या अॅक्सलची हाऊसिंग दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या जीपची. स्टिअरिंग बॉक्स गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला गेला तो परत आलाच नाही, त्याच्या जागी दुसराच आला. हूड कणकवलीत शिवलेला, बंपर म्हणजे पाण्याच्या लाइनीचा पाइप. ही जीप चतुर्थीला गणपती आणते, मे महिन्यात बागेतून आंब्याच्या पेट्या काढते, आणि ज्या रस्त्यावर रिक्षावाला रात्री यायला नाही म्हणतो तिथे आजारी माणसासाठी जाते. आता तिच्या नोंदणीची मुदत संपलीय. मुंबईकर मंडळींचं म्हणणं, भंगारात घाला आणि वर्गणी काढून एखादी सेकंडहँड मारुती ईको घ्या.

आधी कायद्याचं बोलू, कारण सभेत त्याचाही बोऱ्या वाजला होता. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी मोडीत काढलीच पाहिजे असा नियम महाराष्ट्रात नाही. १३ ऑगस्ट २०२१ ला जे वाहन मोडीचं धोरण जाहीर झालं, त्यात खासगी गाडीचा निकाल तिच्या वयावर नाही, तपासणीत ती पास होते का यावर आहे. पंधरा वर्षांनी सरसकट बाद होतात त्या सरकारी गाड्या, २०२३ च्या एप्रिलपासून. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही भानगड दिल्लीची. तिथे १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर तेल द्यायचं नाही असं फर्मान निघालं आणि काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. आपण देवगड तालुक्यात राहतो. (राहतो म्हणजे, मंडळ राहतं.)

फी मात्र वाढलीय, ते खरं. गाडीच्या फेरनोंदणीला सहाशे रुपये लागायचे, त्याचे २०२२ मध्ये पाच हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. पण मोडीत काढल्याचा दाखला मिळवून करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट घ्यायची, तर नवी गाडी घ्यायला लागते. सेकंडहँड ईकोवर ती सूट कुठून मिळणार? हे ठाणेकरांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

आता परदेश. इथे गाडीला चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स शून्य. मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणीही माफ, २०१८ पासून. आणि ती गाडी घेऊन टेस्कोत वाणसामानाला जा, नाहीतर शंभर मैल लांब समुद्रावर जा, कोणी अडवत नाही. उलट पेट्रोल भरताना एखादे आजोबा जवळ येतात आणि त्यांच्या वडिलांकडे अशीच होती ते सांगत बसतात. आपल्याकडे २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी जो नियम आला, त्यात पन्नास वर्षं पुरी हवीत, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, नोंदणीला वीस हजार, नंबरात व्हीए ही अक्षरं, आणि एवढं करून रोजच्या वापराला मनाई. म्हणजे राजेरजवाड्यांच्या गाड्यांची सोय झाली. आमची जीप २०३५ ला पन्नाशी गाठेल, पण मॅटाडोरचं इंजिन पोटात घेऊन ती त्या पंगतीला बसू शकणार नाही.

इंजिन बदललं म्हणजे गाडीच बदलली, असं सभेत एका इंजिनिअर मुलाने सांगितलं. सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकालही त्याने सांगितला, कंपनीने जशी बनवली त्यापेक्षा वेगळी करायची नाही हा. निकाल आहे, खरा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही तेच सांगतं. पण इंग्लंडातला जुना हिशेब ऐका. गाडीला चौदा गुण. चासी मूळची किंवा नवी कोरी असेल तर पाच, सस्पेन्शन दोन, अॅक्सल दोन, गिअरबॉक्स दोन, स्टिअरिंग दोन. आणि इंजिन? एक. चौदातले आठ मिळाले की गाडी तीच, नंबर तोच. २०२५ च्या ऑगस्टपासून तर हे नियम आणखी सैल झाले. मी मंडळाच्या जीपचे गुण काढून पाहिले: चासी, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स मूळचे, झाले नऊ. इंग्लंडात आमची जीप पास आहे, ठाण्यात नापास.

लँड रोव्हरचं म्हणाल तर तिचा जन्मच असा. १९४७ मध्ये तिचा जो पहिला नमुना बांधला तो महायुद्धातल्या विलीज जीपच्या चासीवर, इंजिन रोव्हर कंपनीच्या मोटारीचं. बॉडी अॅल्युमिनियमची, कारण युद्धानंतर पोलाद मोजूनमापून मिळत होतं. सुरुवातीचा तो हिरवा रंगही विमानदलाच्या उरलेल्या साठ्यातला. १९४८ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली आणि आज तिच्यावर जाडजूड पुस्तकं निघतात. महिंद्राने भारतात आणली तीही विलीजच. एकाच आईची लेकरं. त्यातल्या एकाला जो उठतो तो 'वारसा' म्हणतो, दुसऱ्याला 'जुगाड'. या दुसऱ्या शब्दाची मला चीड आहे. आमच्या मिस्त्रींना तो कोणी लावला की जास्तच.

मिस्त्रींचं शिक्षण सातवी. इंजिन सुरू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावायची, आणि कुठलं बेअरिंग वाजतंय ते सांगायचं. सांगितलेलं चुकल्याचं मला आठवत नाही. नोझल साफ करून दाब तपासायचे, रिबोरिंगला ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवायचे, आणि एसटीच्या टपावरून तो परत येईपर्यंत उरलेली जीप फणसाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवायचे. खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकत नाही म्हणून दर मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, खालून सगळीकडे जळकं ऑइल फासायचे. इथे ऑक्टोबर आला की बर्फ धरू नये म्हणून ग्रिटर गाड्या रस्त्यावर मीठ ओततात आणि मी काय करतो? तेच. फक्त माझ्या डब्यावर छान लेबल असतं आणि तो मिस्त्रींच्या आठवड्याच्या कमाईएवढ्या किमतीला मिळतो. माझ्या लँड रोव्हरच्या सुट्या भागांची खोकी उघडली तर निम्म्यांवर 'मेड इन इंडिया'. मी ती इंग्लंडात पौंड मोजून घेतो आणि शेजाऱ्याला अभिमानाने दाखवतो.

एका बाबतीत मात्र इथल्यांचं घेण्यासारखं आहे, आणि ती बाब गाडीच्या वयाची नाही. कागदाची आहे. अपघातात किंवा पुरात गाडी गेली आणि विमा कंपनीने ती निकालात काढली की तिला अक्षर चिकटतं. ए म्हणजे चिरडून टाका. बी म्हणजे सुटे भाग काढा, पण सांगाडा रस्त्यावर नको. एस म्हणजे सांगाड्याला मार बसलाय पण दुरुस्त होईल, एन म्हणजे सांगाडा शाबूत. ही अक्षरं २०१७ पासूनची. एस किंवा एन गाडी दुरुस्त करून विकली तरी अक्षर मागे लागून राहतं. एमओटीचा सगळा इतिहास नंबर टाकला की कोणालाही दिसतो, मैलांसकट. भंगारवाला रोख पैसे देऊन गाडी घेऊ शकत नाही.

आता २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली आणि गाड्या छपरापर्यंत पाण्यात गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन, वाळवून, वायरिंग बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या असतील, आणि येऊ दे की, चांगला वायरमन मिळाला तर काय बिघडलं? पण घेणाऱ्याला ते कळायला हवं. आरसी बुकावर पुराची काही खूण उमटत नाही. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून गिअरबॉक्स आणला तर तो कुठल्या गाडीतून निघाला हे विचारायची पद्धत नाही, विचारलं तर समोरचा हसतो. सभेत मी फोनवरून हेच सांगायला गेलो की मंडळाने ईको घ्यायचीच असेल तर आधी ती पुरातली नाही एवढं तरी बघा. नेमकी तेव्हाच रेंज गेली. त्यांची की माझी, कोण जाणे.

लंडनचं काय, असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून सांगून टाकतो. ऑगस्ट २०२३ पासून अख्ख्या लंडनात जुन्या डिझेलला धुरापायी दिवसाला साडेबारा पौंड पडतात, आणि अशी गाडी मोडीत काढणाऱ्यांना दोन हजार पौंडांपर्यंत देत होते. त्यातल्या काही गाड्या पुढे युक्रेनला गेल्या, म्हणजे त्यांच्यातही जीव होता. पण चाळीशी ओलांडलेल्या गाडीला लंडनातही माफी आहे. आणि लंडन म्हणजे इंग्लंड नव्हे, हे तिथे न राहणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. जीपचा धूर? आहे. इंजिनाचा डिझेल पंप कॅलिब्रेट केला की कमी होतो. चिऱ्यांचे डंपर दिवसभर त्याच रस्त्यावरून जातात त्यांच्या धुराबद्दल सभेत कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण त्यातले दोन कोणाचे ते सगळ्यांना माहीत आहे.

तर एवढं सगळं मी सभेनंतर चुलतभावाला फोन करून ऐकवलं. जीप चालवतो तोच. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझी गाडी आयतवारची, आमची रोजची." मी काही बोलायच्या आत फोन वहिनीकडे गेला. "भावजी, त्या जीपीत पोटुशी बाई घालून एकदा कणकवलीक न्हेऊन बघा. मगे सांगा जुना ता सोना."

हे उत्तर ठाणेकरांकडून आलं असतं तर मी परतवलं असतं. वहिनीला काय सांगणार? त्या जीपच्या मागच्या बाकावर तिची थोरली जन्मली नाही, एवढंच. नांदगाव येईपर्यंत सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले होते. मागे पट्टे नाहीत, दार नाही, पावसात हूडच्या फटीतून पाणी मांडीवर. मी माझ्या मुलीला लँड रोव्हरमधून शाळेत सोडत नाही. त्यासाठी बायकोची २०२१ ची हायब्रिड दारात उभी असते. लँड रोव्हर कोरड्या रविवारी बाहेर पडते आणि मग मी तिचे फोटो गावच्या मंडळींना पाठवतो.

मला ती जीप कशासाठी हवीय? स्टेशनवर उतरलो की ती समोर दिसावी, मागे सामान टाकावं, आणि चढावर भावाने गिअर बदलताना तो ओळखीचा आवाज यावा, यासाठी. बाकीचे महिने ती कशी चालते, कोणाच्या कंबरेत उसण भरते, हे मला फोनवरून कळतं, तेही कोणी सांगितलं तर. ठाणेकरांना निदान चतुर्थीला आणि शिमग्याला वाडीत यावं लागतं. त्यांना नवी गाडी हवीय कारण ते तिच्यात बसणार आहेत. त्यांच्यावर मी एवढा का चिडलो, याचं एक उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही: 'परदेशात बघा' हे वाक्य गावात बोलायचं तर ते मी बोलायचं, असं मला आतून वाटतं.

मग मी दुसरा मार्ग काढला. जीप मंडळाकडून मीच घेतो, दुरुस्ती आणि दहा हजारांची फी माझ्याकडून, मंडळाने खुशाल ईको घ्यावी. भावाने ओरोसच्या आरटीओ एजंटाला विचारलं. नावावर करायची तर जिल्ह्यातल्या पत्त्याचा पुरावा हवा. रेशनकार्डावरचं माझं नाव कमी करून जमाना झाला, मतदार यादीत मी नाही, पासपोर्ट आता ब्रिटिश. घरपट्टी भावाच्या नावावर. सातबाऱ्यावर मात्र मी आहे, आजोबांच्या खाली सहहिस्सेदारांची जी लांबलचक रांग आहे तिच्यात कुठेतरी, नाव एका अक्षराने चुकलेलं. एजंट म्हणाला, त्यावर गाडी होत नाही.

तेव्हा आता असं ठरतंय की गाडी भावाच्या नावावर व्हावी आणि पैसे मी पाठवावेत. ईकोची वर्गणीही मी द्यायची आहेच, मुंबईकरांच्या दराने नव्हे, परदेशवाल्यांच्या. भाऊ तयार आहे. वहिनीची अट आहे की मागच्या बाजूला, पुढे तोंड करून सीट आणि पट्टे लागल्याशिवाय तिच्या घरचं कोणी जीपमध्ये बसणार नाही, आणि ती पासिंगच्या साहेबाला आधी दाखवून मगच बसवायची. मिस्त्रींचा मुलगा मोजमाप घेऊन गेलाय. मागच्या फ्लोअरचा पत्रा पट्ट्यांचा ताण घेणार नाही, खाली प्लेट वेल्ड करावी लागेल असं म्हणतो. प्लेट किती जाडीची घ्यायची ते मला विचारलंय.