त्या कागदावरचा ‘भविष्यात’ हा शब्द

आत्ता एका मित्राच्या घरून आलोय. कपडेही बदलले नाहीत. डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. मित्राचं नाव घेत नाही. वाचल्यावर त्याला कळेल. राग आला तरी चालेल.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मुलीला गाडीने उडवलं. वय वर्षं पाच. रस्त्याच्या कडेला आजीचा हात धरून उभी होती. गुडघ्याच्या वर हाड मोडलं, ऑपरेशन झालं, परवा प्लास्टर निघालं. आज तिला बघायला सात-आठ जण जमलो होतो. कोणीतरी केसचं विचारलं, तर हा म्हणाला, “कसली केस? त्यांनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं. पोरगा चांगल्या घरचा आहे, चुकून झालं. मी माफ करून टाकलं.” आणि बसलेल्या प्रत्येकाने मान डोलावली. “मन मोठं लागतं बाबा.” “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” एक काकू तर म्हणाल्या, देव बघतोय, तुला कमी पडू देणार नाही.

अहो काकू, त्याला कमी पडायचा प्रश्नच कुठे आहे? पाय त्याचा मोडलेला नाही.

मी तिथे काहीच बोललो नाही. मुलगी समोर कॉटवर बसून रंगवत होती, तिच्यासमोर बोलवेना. शिवाय नेमकं हेच मी केलं होतं. हीच वाक्यं, हाच चेहरा, लोकांच्या कौतुकाने थोडी ताठ झालेली हीच मान.

जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. २०१५ साली माझ्या मुलाला एका गाडीने धडक दिली. तो सात वर्षांचा होता. डावी मांडी, गुडघ्याला लागून. चालवणारा मुलगा विशी-बाविशीतला. त्याची आई दवाखान्यात येऊन माझ्या बायकोच्या पायाशी बसली होती. तिचं रडणं खोटं नव्हतं, आजही मी तसं म्हणणार नाही. चौथ्या दिवशी त्या मुलाचा मामा टाइप केलेला स्टँपपेपर घेऊन आला. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर, खाली कोणाचा तरी एक्सरेचा लिफाफा धरून, मी त्यावर सही केली. शेवटची ओळ होती, ‘माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही.’

भविष्यातही. हा शब्द वाचून मी सही केली. कोणाचं भविष्य, हे मनात आलंच नाही.

दवाखान्याने आधीच एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, केली होती म्हणून पोलिसांत नोंद झाली, पंचनामा झाला. माझ्यावर असतं तर तेही झालं नसतं. सहा महिन्यांत पोरगा पळायला लागला आणि मी चारचौघांत सांगत फिरलो की आपण कोणाचं वाटोळं करत नाही.

तो नऊ वर्षांचा झाला आणि बायकोच्या लक्षात आलं की त्याच्या पँटची एक बाजू जमिनीला घासते. मी म्हटलं शिंप्याची चूक. ती म्हणाली, तीन पँटी वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला उघड्या पायांनी उभं केलं आणि डाव्या टाचेखाली एक पातळ लाकडी पट्टी सरकवली. मागे बसून कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवून बघितलं. दुसरी पट्टी. पुन्हा बघितलं. तिसरी. पोरगा हसत होता, त्याला तो खेळ वाटत होता. पाचव्या पट्टीला कंबर सरळ झाली. अडीच सेंटीमीटर. लहान मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे मार बसला की हाड जुळतं, एक्सरे सुंदर दिसतो, पण पुढे ते हाड नीट वाढत नाही. दुसरा पाय वाढत राहतो. फरक दिसायला दोन दोन वर्षं जातात.

माझ्या डोक्यात त्या वेळी एकच शब्द वाजत होता. कोणता, ते सांगायला नको.

बहिणीने हात धरून वकिलांकडे नेलं. बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “तुम्ही माफ केलंत ते कोणाच्या वतीने?” मी म्हटलं, माझ्या. “मग ठीक आहे. तुम्हाला काही झालंच नव्हतं.” इतकं साधं वाक्य. तीन वर्षांत मला एकानेही ऐकवलं नव्हतं.

नुकसानभरपाईचा हक्क मुलाचा असतो. आईबापाचा नाही. दावा मुलाच्या नावाने चालतो, आपण फक्त ‘अपाक’ म्हणून असतो, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीनाचा पालक. सातबारावर बघितलं असेल, तेच. आपण त्याच्या मालमत्तेचे राखणदार. आणि राखणदाराने शेत दान करून टाकायचं नसतं. न्यायालयात दावा सुरू असताना मुलाच्या वतीने तडजोड करायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलंय की न्यायालयाची परवानगी लागते. ती तडजोड मुलाच्या भल्याची आहे का, हे न्यायाधीश बघतात. लोकअदालतीत मिटवायचं तरी तेच. आणि आपण? दवाखान्याच्या बाकावर पाच मिनिटांत मिटवून टाकतो!

आता तुम्ही म्हणाल, त्या पोराचं काय? त्याचं आयुष्य बरबाद करायचं का? हा प्रश्न ऐकला की माझं टाळकं सरकतं. कारण तो विचारणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीतच नसतं की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कोणाला तुरुंगात पाठवत नाहीत. फौजदारी खटला वेगळा, हा दावा वेगळा. आणि पैसे सहसा तो पोरगा देतच नाही, विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केलाय तो ह्याच दिवसासाठी. तुम्ही भरता, मी भरतो, त्या मुलाच्या बापानेही भरला होता. म्हणजे त्यांनीच तुमच्या मुलासाठी आधीच भरून ठेवलेलं संरक्षण तुम्ही मोठ्या मनाने नाकारताय. नाकारल्यावर ते त्या पोराला मिळत नाही. कोणालाच मिळत नाही, कंपनीकडे राहतं. गाडीचा विमा नसेल किंवा चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर गोष्ट अवघड होते, मान्य. पण आधी विचारा तरी!

माझ्या मित्राने पॉलिसीचा नंबरसुद्धा घेतलेला नाही.

आणि दवाखान्याचं बिल म्हणजे नुकसानभरपाई हे डोक्यातून काढून टाका. बिल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पुढची ऑपरेशनं, आईची बुडालेली नोकरी, सांभाळायला लागणारं माणूस, येणंजाणं, भोगलेल्या वेदना, जे खेळणं-धावणं कायमचं गेलं ते, मोठेपणी कमाईत पडणारी घट, ह्या सगळ्याचा हिशेब होतो. पूर्वी मूल म्हणजे बिनकमावतं म्हणून काहीतरी किरकोळ आकडा धरायचे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या कायमच्या अपंगत्वासाठी टप्पे घालून दिले, १० टक्क्यांपर्यंत १ लाख, ३० टक्क्यांपर्यंत ३ लाख, असं ९० टक्क्यांच्या वर ६ लाखांपर्यंत, आणि उपचाराचा खर्च त्याशिवाय. २०२० मध्ये तर त्याच न्यायालयाने एका मुलीच्या बाबतीत ह्या टप्प्यांच्या पलीकडे जाऊन हिशेब केला. २००७ मध्ये बारा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना तिला अपघात झाला होता, मेंदूला मार, शंभर टक्के अपंगत्व. न्यायाधिकरणाने ११ लाख ८ हजार दिले होते, उच्च न्यायालयाने २५ लाख ७८ हजार केले, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार आणि वर साडेसात टक्के व्याज. तिचं उत्पन्न धरलं ते कुशल कामगाराच्या किमान वेतनावर, आणि तिला सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च जन्मभराचा. हा निकाल मी कितीदा वाचलाय माहीत नाही. त्या मुलीच्या बापाने एखाद्या बाकावर सही केली असती तर?

तेरा वर्षं लागली, असं कोणीतरी म्हणेलच. हो, लागतात. आमची चार गेली. तारखा पडतात, अपंगत्वाचा दाखला काढायला खेटे घालावे लागतात, डॉक्टर साक्षीला येत नाहीत, काही वकील टक्केवारीवर केस घेतात, जे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. खोटे दावे करणारेही आहेत. मग? त्यांच्या पापाचं फळ पाच वर्षांच्या मुलीने भोगायचं?

आमच्या केसमध्ये वकील बाईंनी मुद्दाम माझ्या बायकोला अपाक केलं, कारण सही माझी होती. तरी साक्षीला मला उभं राहावंच लागलं. कंपनीच्या वकिलांनी तो स्टँपपेपर माझ्या हातात दिला. “सही तुमचीच?” हो. “जबरदस्ती केली होती कोणी?” नाही. “वाचून केली?” हो, वाचून केली. “शेवटची ओळ मोठ्याने वाचा.” मी वाचली. माझा मुलगा तेव्हा मागच्या बाकावर आईच्या शेजारी बसला होता. त्याने ती ओळ बापाच्या तोंडून ऐकली. बारा वर्षांचा होता, सगळं कळत होतं. घरी येताना एवढंच म्हणाला, “बाबा, तुम्ही मला का नाही विचारलं?”

सात वर्षांच्या पोराला काय विचारणार होतो मी, ऑपरेशन थिएटरमध्ये होता तो. पण त्याचं म्हणणं खरं आहे. विचारण्याजोगा होईपर्यंत मी थांबायला हवं होतं. तेवढंच माझं काम होतं.

तो कागद मुलाला बांधील नाही असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. ‘मूल अचानक धावत रस्त्यावर आलं’ हा कंपनीचा मुद्दाही टिकला नाही. रक्कम किती मिळाली ते सांगत नाही, ती त्याची आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने ठेव आहे, अठरा पूर्ण झाल्याशिवाय आम्हीही हात लावू शकत नाही, अगदी उपचाराला लागली तरी न्यायाधिकरणाची परवानगी. आमच्याच नात्यातल्या एकाने तेव्हा म्हटलं होतं, पोराच्या पायाचे पैसे केले. त्या घरी मी त्यानंतर गेलेलो नाही आणि जाणारही नाही. पोराच्या पायाचे पैसे कोणी करत नाही हो. पाय परत मिळण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही, म्हणून पैसे.

त्या गाडीवाल्या मुलावर माझा आजही राग नाही. त्याच्या आईला भेटलो तर नमस्कार करीन. माझी माफी मी परत घेतलेली नाही, तेवढी द्यायचा हक्क मला होता.

पण एक फरक आहे आणि त्यासाठीच रात्री एवढं लिहितोय. मी तीन वर्षांनी जागा झालो तरी चाललं, कारण तेव्हा दाव्याला मुदत नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, अपघातापासून सहा महिने. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर लेकराचा हक्क टांगून ठेवायचा नसतो. हाड खुरटलंय हे कळायला दोन वर्षं आणि कागद लावायला सहा महिने! हा नियम ज्यांनी केला त्यांनी कधी एखाद्या लेकराच्या टाचेखाली पट्ट्या सरकवताना बघितलं नसावं. कोणाची चूक ते सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळायचीही तरतूद आहे, पण ते स्वीकारले की मोठा दावा संपतो. कंपनीचा माणूस घरी येऊन हे गोड बोलून पटवू शकतो, तेव्हा मुलांच्या बाबतीत हाडांच्या डॉक्टरांना ‘पुढे काय होऊ शकतं’ हे लेखी विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका.

दारात मुलाचे बूट आहेत. यंदा बारावीला आहे, पाय बापापेक्षा मोठा. डाव्या बुटाचा सोल जाड करून घेतलाय, शेजारी ठेवले की एक बूट दुसऱ्याकडे वाकून बघतोय असं वाटतं.

मित्रा, चार महिने उरलेत. उद्या सकाळी नऊला येतोय. गुन्ह्याची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्सरे, त्यांनी भरलेली बिलंसुद्धा, आणि मुलीचा जन्मदाखला काढून ठेव. गाडीचा नंबर तुझ्याकडे असेलच, पॉलिसीचं मी बघतो. वहिनींना सुट्टी काढायला सांग, अपाक त्यांनाच करू. आणि तूही कुठल्या कागदावर सही केली असशील तर लपवू नकोस, तो आधी दाखव.