आत्याची पाठ

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. म्हणजे ती पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते, नाव सांगते, आणि तिने मान वर काढायच्या आत जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव सांगितल्याबद्दल मारायचं कशाला, हे लहानपणी मला कोडं होतं. २००६ साली दादाला मुलगा झाला, मी आत्या झाले, आणि कोडं सुटलं. तो आगाऊ वसूल केलेला दंड असतो.

बाळ जन्माला आलं ते आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. आर्द्रेची अक्षरं कू, घ, ङ, छ. म्हणजे आमच्या वाट्याला आला ङ. मुळाक्षरांच्या तक्त्यावरसुद्धा ज्याच्या चौकोनात चित्र नसतं, ते हे अक्षर. गुरुजींना फोन केला. ते अनुभवी. म्हणाले, "ङ वरून कोणी ठेवत नाही हो, शेजारचा घ घ्या." आईने तेवढंच ऐकलं आणि जाहीर करून टाकलं, घनश्याम.

आईची बाजू शास्त्राला धरून होती. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची गोष्ट आहे. जन्मभर नको ते उद्योग केलेल्या या गृहस्थाने मरताना घाबरून धाकट्या मुलाला "नारायणा" अशी हाक मारली आणि यमदूतांच्या तावडीतून सोडवायला विष्णुदूत धावत आले. म्हणून पोरांना देवाचं नाव ठेवायचं. दिवसातून पन्नास वेळा हाक मारणार, तेवढंच नामस्मरण. "आणि तेही फुकटात," आई म्हणाली. आमच्या घरात या योजनेचा लाभ कुणाला झाला असेल याची मला शंकाच आहे. आजोबांचं नाव नारायण, पण सगळी आळी त्यांना नाऱ्या म्हणायची. पांडुरंगकाकांचा पांड्या झाला, गजाननमामांचा गज्या. विष्णुदूत 'ए नाऱ्या' या हाकेला ओ देतात का, याबद्दल भागवत गप्प आहे.

वहिनी मात्र गप्प नव्हती. "घनश्याम? वन्सं, शाळेत घन्या करतील त्याचा!" (ती मला एरवी ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, आता माघार नाही.) तिच्या अटी अशा होत्या की नाव छोटं हवं, त्याला अर्थ हवा, देवाधर्माचं हवं पण म्हातारं नको, तिच्या अमेरिकेतल्या भावाला तिकडे सांगता यावं. आणि मुख्य म्हणजे, "कुणाचंच नसेल असं हवं."

मी नावांच्या तीन पुस्तिका आणल्या. त्यांत प्रत्येक नावापुढे अर्थ दिलेला असतो आणि तो 'विष्णू', 'तेजस्वी' किंवा 'सूर्याचा किरण' यांपैकी एक असतो. विष्णूची हजार नावं सहस्रनामात आहेतच, वरची आणखी दोनेक हजार या पुस्तिकावाल्यांनी त्याला परस्पर बहाल केली आहेत. सरकार या बाबतीत फार समजूतदार आहे. जन्मनोंदणीच्या पुस्तकात बाळाचं नाव वर्षभरात फुकट घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधराव्या वर्षापर्यंत. आमच्या आईने बारा दिवस दिले होते. हॉल, घुगऱ्या आणि पाळण्याची फुलं सांगून झाली होती.

अकराव्या दिवशी संध्याकाळी देवापुढे बसून मी अथर्वशीर्ष म्हणत होते. रोजचंच. तोंड म्हणत होतं आणि मन 'ङ'पाशी अडकलं होतं. फलश्रुतीत 'इदमथर्वशीर्षम् अशिष्याय न देयम्' आलं आणि जीभ थबकली. अथर्व! छोटं आहे, वेदातलं आहे, गणपतीचं आहे, आणि म्हातारं तर मुळीच नाही. नक्षत्राच्या अक्षराचा संबंध नव्हता, पण 'ङ'वाल्यांना तेवढी सूट असावी. वहिनी तर उडालीच. "कुणाचंच नाहीये हे!" खरंच नव्हतं. नात्यात नव्हतं, दादाच्या कोथरूडच्या सोसायटीत नव्हतं, माझ्या डोंबिवलीच्या चाळीतही नव्हतं. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात नेमक्या किती आत्या देवापुढे बसून फलश्रुतीपर्यंत पोचल्या होत्या, एवढा एक हिशेब माझ्याकडून राहिला.

बारसं झालं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. माझ्या पाठीत चौदा-पंधरा धपाटे बसले. वहिनीने मात्र नुसता हात टेकवला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

पहिला आक्षेप घुगऱ्यांच्या वाटीबरोबरच आला. वहिनीचे वडील, म्हणजे तात्या, निवृत्त संस्कृत शिक्षक. हरभरे एकेक करून खात त्यांनी विचारलं, "अर्थ काय म्हणालीस?"

"चौथा वेद."

"तो अथर्ववेद. अथर्वा हा ऋषी. मूळ शब्द अथर्वन्, नकारान्त. प्रथमेचं एकवचन अथर्वा. जसं राजन्, राजा. तू पोराला राजा म्हणायचं सोडून राज म्हणून ठेवलंयस."

मी पुस्तिका पुढे केली. ती त्यांनी बशीसारखी बाजूला सरकवली. "निरुक्त बघ. यास्क म्हणतो, थर्व् म्हणजे हलणं, चालणं. ते ज्याच्यात नाही तो अथर्वा. निश्चल. स्थिर." हे ते सांगत होते तेव्हा पाळण्यातल्या निश्चलाने लाथ मारून दुपटं खाली टाकलं होतं. पुढे तो नऊ महिन्यांचा असताना पलंगावरून, दीड वर्षाचा असताना खिडकीच्या गजांमधून अर्धा आणि तिसऱ्या वर्षी सोसायटीच्या फाटकातून पूर्ण बाहेर गेला. दर वेळी तात्यांचा मला फोन. "काय गं, निश्चल काय म्हणतोय?"

'अथर्व' हे रूप चूक, हा ठपका मला झोंबला होता. दीड वर्ष शोधल्यावर मुंडकोपनिषदात सापडलं. पहिल्याच मंत्रात ब्रह्मदेव ब्रह्मविद्या कुणाला सांगतो? 'अथर्वाय ज्येष्ठपुत्राय'. अथर्वाय! रामाय, देवाय, तसं सरळ अकारान्त. अथर्वन् असता तर अथर्वणे झालं असतं. शिवाय ज्येष्ठपुत्र, म्हणजे दादाच्या थोरल्यालाही लागू. मी रात्री साडेनऊला तात्यांना फोन लावला आणि मंत्र वाचून दाखवला. पलीकडे शांतता. मग पानं उलटल्याचा आवाज. मग तात्या म्हणाले, "दुसरा मंत्र वाच." दुसरा मंत्र सुरू होतो तोच मुळी 'अथर्वणे' या शब्दाने. उपनिषद लिहिणाऱ्यालाही दोन ओळींत दोन रूपं लागली, तर आमच्या पोराच्या एका दाखल्यावर 'अर्थव' छापून आलं याचं काय एवढं! त्या एका रफारापायी दादाने मात्र दोन प्रतिज्ञापत्रं केली. अमेरिकेतला मामा सांगतो, तिकडचे लोक त्याला सरळ आर्थर म्हणून मोकळे होतात.

शाळेत घातल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. चाळीस मुलांत चार अथर्व. बाईंनी आधी आडनावाची आद्याक्षरं लावून पाहिली, तर दोघांची तीही एकच. शेवटी मुलांनीच वाटणी केली. उंच अथर्व, चष्मा अथर्व, रडका अथर्व, आणि आमचा सांडू अथर्व. पहिल्या पालकसभेत तो वर्गात चावतो म्हणून वहिनीने वीस मिनिटं मान खाली घालून ऐकून घेतलं. उठता उठता बाईंनी विचारलं, "तुमचा चष्म्याचा ना?" त्या रात्री मला आलेला फोन दादाचा होता, पण मागून आवाज वहिनीचा होता. "विचारा त्यांना, कुणाचंच नाही ना हे नाव?"

कळस झाला तो ऋषिपंचमीला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात दगडूशेठ गणपतीपुढे पहाटे हजारो बायका रस्त्यावर बसून अथर्वशीर्ष म्हणतात. पोर पाच वर्षांचं होतं तेव्हा मी आणि वहिनी नऊवारी नेसून चारलाच घराबाहेर पडलो. दादा गावाला गेला होता, म्हणून हिरवा झब्बा घालून पोरालाही बरोबर घेतलं. तो मांडीवर झोपून गेला. गार वारा, गजऱ्यांचा वास, आणि एवढ्या बायकांच्या तोंडून एकदम उठलेलं 'ॐ नमस्ते गणपतये'. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. 'अव पश्चात्तात् अव पुरस्तात्' आलं की दिशांचा क्रम चुकून अर्ध्या जणी पुटपुटतात, मीही त्यांतलीच, पण हजारोंच्या आवाजात तेही खपून जातं. मागून रक्षण कर, पुढून रक्षण कर, वरून कर, खालून कर. देवाला एवढं सविस्तर सांगून डोळे उघडले, तर मांडी रिकामी.

वहिनी उठली आणि पोटातून ओरडली, "अथर्व!"

माझ्या डोळ्यांसमोर पाच पोरांनी माना वळवल्या. एकाने "काय?" विचारलं. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं आणि आमच्याकडे संशयाने पाहिलं. कार्यकर्त्याने माइकवर सांगितलं, "अथर्व नावाचा मुलगा, वय वर्षं पाच, हिरवा झब्बा..." आणि पाच मिनिटांत एका काकूंनी हाताला धरून आणून दिला. नाव अथर्व, वय पाच, झब्बा हिरवा. मुलगा आमचा नव्हता. वहिनीने पुढे केलेला पेढा खाऊन तो तिथेच बसला आणि उठायला तयार होईना. आमचा निश्चल फुगेवाल्याच्या सायकलची घंटी वाजवताना सापडला.

पेढेखाऊची आई धापा टाकत आली. "अगंबाई, तुमचाही अथर्वच?" माहेरचं गाव एकच निघाल्यासारखी ती खुलली. "आमच्या वन्संनी ठेवलं हो. म्हणाल्या, कुणाचंच नाहीये."

"आमच्याही वन्संनीच," वहिनी म्हणाली. मग दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

परत येताना माझ्या मनात भलतंच आलं. पूर्वी मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवत. आज त्या गर्दीत 'दगडू' अशी हाक मारली असती तर मागे वळणारा एकच निघाला असता, आणि तो खात्रीने आपला असता. शिवाय ज्याच्या पुढ्यात आपण बसलो होतो त्या गणपतीला अख्खं गाव त्याच नावाने ओळखतं. वहिनीच्या सगळ्या अटी त्या एका नावात बसत होत्या. पण हे मी तिला सांगितलं नाही. रिक्षा चालू होती आणि ती माझ्याच बाजूला बसली होती.

आता तो एकोणीस वर्षांचा आहे. वहिनीच्या मोबाइलमध्ये 'अथर्वची आई' या नावाने सात बायका आहेत. दादाला टक्कल पडलं तेव्हा मी सांगून पाहिलं की अथर्ववेदात केस वाढण्याचे मंत्रसुद्धा आहेत, नावाचा काहीतरी उपयोग करून घ्या. कुणी हसलं नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाला मुलगा झाला. या वेळी मला कुणी काही विचारलं नाही. नाव ॲपवरून निघालं, व्हॉट्सॲपवर मतदान झालं, निकाल मला कळवण्यात आला, आरव. अर्थ, शांत. तात्या आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र लावतात. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "आरव म्हणजे शांत? अगं, रव म्हणजे आवाज. आरव म्हणजे आरडाओरडा!" आतल्या खोलीतून बाळ तात्यांना दुजोरा देत होतं, यंत्र नसतं तरी ऐकू गेलं असतं.

"मी नाही हो ठेवलं," मी पहिल्यांदाच अभिमानाने सांगितलं.

"ठेवलं नसशील," आई म्हणाली, "पण सांगायचं तूच. आत्या आहेस."

म्हणजे बोलावणं मला नव्हतं, माझ्या पाठीला होतं. पाळणा हलला, गोविंद घेऊन झाला, गोपाळ घेऊन झाला. मी पदर खोचून वाकले. मागे बांगड्या वर सरकवल्याचा आवाज आला. कानात 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं आणि मनातल्या मनात, या वेळी क्रम न चुकवता, म्हटलं, अव पश्चात्तात्.

पहिलाच धपाटा ओळखीचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी नुसता टेकवला होता तोच हात.