गोचिडी मोजणाऱ्यांना पैसे कशाला? एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

शास्त्रज्ञांच्या संशोधनविषयांची यादी देऊन त्यांची टर उडवणारे मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. कोणी जंगलातल्या गोचिडी गोळा करतो, कोणी गिधाडांची घरटी मोजतो, कोणी गरम पाण्याच्या झऱ्यातले जिवाणू वाढवत बसतो, आणि या साऱ्याचा खर्च सामान्य करदाता उचलतो, असा त्यांचा सूर असतो. शब्द बदलले तरी आत तेच पाच आरोप असतात. विषयाच्या नावावरूनच त्याचा निरुपयोगीपणा कळतो. शास्त्रज्ञ स्वतःची हौस जनतेच्या पैशावर भागवतात. अनेक विषयांत रस घेणारे कशातच खोल जात नाहीत. विषय सरकारने ठरवून द्यावेत. उरलेले काम कंपन्या करतील. हे आरोप सुशिक्षित माणसेही पुढे पाठवतात आणि त्यांतून संशोधनाविषयी जे मत तयार होते ते मला घातक वाटते, म्हणून एकेका आरोपाचा विचार करतो.

आरोप नवाही नाही. अमेरिकी सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ साली सरकारी उधळपट्टीसाठी ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा उपहासात्मक पुरस्कार सुरू केला आणि पहिलाच पुरस्कार माणसे प्रेमात का पडतात याच्या अभ्यासाला दिलेल्या ८४,००० डॉलरच्या अनुदानासाठी जाहीर केला. तेव्हाही अभ्यासाचे नाव ऐकवले की लोक हसत, आणि त्या अभ्यासात नेमके काय विचारले आहे हे पाहण्याची गरज कोणाला वाटत नसे.

पहिला आरोप नावाचा, आणि माझ्या मते बाकीचे चारही त्याच्यावरच उभे आहेत. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतले लोक तीव्र तापाने आजारी पडू लागले. काहींना रक्तस्रावही होत होता. पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी माणसांत, माकडांत आणि गोचिडींत एकच विषाणू असल्याचे शोधून काढले. यानंतरचे काम बाहेरून पाहणाऱ्याला खरोखरच हास्यास्पद वाटले असते. पांढरे फडके जंगलातल्या पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत भरायच्या, प्रत्येकीची जात ओळखायची, आणि ती अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली आहे, अर्धवट वाढलेली आहे की पूर्ण वाढलेली, हे भिंगाखाली ठरवायचे, असे ते काम होते. त्यातूनच हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही जात या रोगाची मुख्य वाहक असल्याचे, माणसाला धोका प्रामुख्याने तिच्या अर्धवट वाढलेल्या अवस्थेपासून असल्याचे आणि ही अवस्था पावसाळा संपल्यावर कोरड्या महिन्यांत वाढत असल्याने रोगही त्याच काळात उसळत असल्याचे समजले.

हा विषाणू रशियाकडच्या गोचिडीजन्य विषाणूंशी मिळताजुळता निघाल्यामुळे तो स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला असावा, अशी शंका घेतली गेली. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम केले. शंका सिद्ध झाली नाही. तरीही भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या प्रवासाविषयी आपल्याला आज जे माहीत आहे त्याचा मोठा पाया त्या कड्यांनी घातला.

पुढे २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात हाच आजार आढळला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची लागण झाली आणि माकडताप हे नाव तिथे घरोघरी पोहोचले. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता लगेच खबर द्यावी, बागेत जाताना अंग पूर्ण झाकावे, गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, या ज्या सूचना आरोग्य कर्मचारी देतात त्यांच्यामागे सहा दशकांपूर्वीच्या त्या पांढऱ्या फडक्यांवरचे निरीक्षण आहे.

गरम झऱ्यातल्या जिवाणूंची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. थॉमस ब्रॉक यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातून थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू मिळवला. त्यांना इतकेच जाणून घ्यायचे होते, की सजीव किती तापमानापर्यंत जगू शकतात. डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर पद्धत कॅरी मुलिस यांना सुचली ती १९८३ साली. या पद्धतीत नमुना दर फेरीत सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो आणि त्या उष्णतेने प्रती तयार करणारे साधे विकर (एन्झाइम) नष्ट होत असल्यामुळे ते प्रत्येक फेरीत नव्याने घालावे लागे. झऱ्यातल्या जिवाणूचे विकर मात्र टिकले. करोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांनी जी आरटी-पीसीआर चाचणी करून घेतली, ती पद्धत याच विकरामुळे रोजच्या वापरात येऊ शकली होती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल, की ही यशस्वी झालेली निवडक उदाहरणे आहेत आणि अशा प्रत्येकामागे कशालाच उपयोगी न पडलेले शेकडो अभ्यास असतील. ते खरे आहे. प्रत्येक कुतूहलातून औषध निघते असा माझा दावा मुळीच नाही, आणि तो करणारे विज्ञानाचे समर्थक स्वतःचीच बाजू लंगडी करतात. मुद्दा असा, की १९६६ साली कोणत्याही समितीला, अगदी ब्रॉक यांनाही, त्या जिवाणूचा हा उपयोग सांगता आला नसता. नावावरून उपयोग ओळखता येत नाही, तसाच निरुपयोगही ओळखता येत नाही. विषयाची पारख करायचीच असेल तर त्यामागचा प्रश्न स्पष्ट आहे का, पद्धत त्या प्रश्नाला पुरी पडते का आणि निष्कर्ष इतरांना तपासता येतात का, हे पाहावे लागते.

दुसरा आरोप हौसेचा आणि पैशाचा. शास्त्रज्ञाला मनात येईल तो विषय घेऊन सरकारी तिजोरीतून पैसे काढता येत नाहीत. त्याला प्रस्ताव लिहावा लागतो, त्याच क्षेत्रातले इतर तज्ज्ञ तो तपासतात, आणि कितीतरी प्रस्ताव नाकारले जातात. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, आणि केंद्राच्या त्यातल्या खर्चाचा मोठा भाग संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा या विभागांकडे जातो. यांपैकी एकाही विभागाचे मुख्य काम गोचिडी मोजणे हे नाही. केवळ जिज्ञासेपोटी होणाऱ्या अभ्यासांच्या वाट्याला जे उरते त्याला उधळपट्टी म्हणताना हे प्रमाण डोळ्यांसमोर हवे. बढतीसाठी लिहिलेले सुमार निबंध आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके हा मात्र खरा रोग आहे आणि त्याविरुद्ध जितके कठोर व्हावे तितके थोडेच. पण तो सर्वांत ‘उपयोगी’ वाटणाऱ्या विषयांतही तितकाच आढळतो, त्यामुळे विचित्र विषयांवर बंदी घालून तो बरा होणार नाही.

तिसरा आरोप, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीच्या आधाराने केला जातो. त्याला गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे काम हे पुरेसे उत्तर आहे. ते गणितज्ञ होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातली आहत, म्हणजे ठसे मारून बनवलेली प्राचीन, नाणी अचूक तराजूवर तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणून एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला तर कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, हा त्यांचा तर्क होता. त्यासाठी त्यांनी चालू चलनातली नाणीही तोलून पाहिली, कारण झिजेचा वेग माहीत असल्याशिवाय जुन्या वजनांना अर्थ नव्हता. इतिहासाची हौस असलेला गणितज्ञ, असे म्हणून कोणी हे बाजूला सारू शकेल. पण याच कोसंबींनी १९४० च्या दशकात आनुवंशिकीसाठी एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरची दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा वेगळी होतात हे मोजून त्यांच्यातले अंतर काढतात. मात्र जनुके एकमेकांपासून लांब असतील तर ही मोजणी फसवी ठरते. त्यातली चूक दुरुस्त करणारे हे सूत्र ‘कोसंबी फलन’ म्हणून ओळखले जाते आणि भाताच्या किंवा गव्हाच्या वाणांचे जनुकीय नकाशे तयार करणारे संशोधक आजही ते वापरतात. मला हे उदाहरण विशेष मोलाचे वाटते, कारण नाणी आणि जनुके या दोन्हींकडे त्यांनी एकाच हत्याराने, संख्याशास्त्राने, पाहिले. क्षेत्र बदलले म्हणून खोली कमी झाली नाही.

चौथा आरोप, विषय सरकारने ठरवावेत. ध्येय आधी ठरवून केलेल्या कामाला यश येते हे मान्यच आहे. चंद्रावर माणूस त्याच रीतीने पोहोचला. पण ज्याचे मूळ विज्ञान बऱ्यापैकी हाती आले आहे अशा कामातच ते साधते. सत्ताच कोणते विज्ञान खरे हे ठरवू लागली तर काय होते, याचा धडा सोव्हिएत संघाने दिला. जगभरच्या पिकांची बियाणे जमवणारे निकोलाय वाविलोव १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मरण पावले, आणि १९४८ साली जनुकशास्त्र नाकारणाऱ्या लिसेंको या कृषिशास्त्रज्ञाच्या मतांना अधिकृत मान्यता देऊन जनुकशास्त्राची दारे तिथे बंद करण्यात आली. आपल्याकडे इतके टोक गाठले जाणार नाही, हे खरे. पण १९८० च्या दशकात उपयोगी विषयांची सरकारी यादी केली असती तर भरतपूरच्या केवलादेव उद्यानातली गिधाडांची घरटी मोजणे त्यात कोणी घातले असते का? पक्षीशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनी ती मोजली होती, म्हणूनच नव्वदच्या दशकात ती झपाट्याने घटल्याचे आकड्यांनिशी सांगता आले. आधीची नोंद नसती तर ऱ्हास सिद्ध कशाच्या आधारावर करणार होतो?

शेवटचा आरोप कंपन्यांविषयीचा, आणि त्यालाही गिधाडेच उत्तर देतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. स्वतःच्या स्वस्त आणि खपणाऱ्या औषधाने पक्षी मरतात का, हे शोधण्यात विक्रेत्याचा कोणताही फायदा नव्हता, आणि गिधाड काही गिऱ्हाईक नव्हे. भारताने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाले, आणि ते प्रयोगही गिधाडांच्या अभ्यासकांनी व पक्षी वाचवू पाहणाऱ्या संस्थांनी मिळून केले होते.