पडायचं ते थांबल्यावरच!

सायकलिंगच्या अनुभवांवरच्या लेखात सिग्नलला थांबताना क्लीट (बुटाच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) सुटलं नाही आणि लेखक सायकलसकट आडवे झाले, हा प्रसंग वाचून हसू आवरेना. नवी रोड बाइक घेतलेले बहुतेक जण असेच पडतात, तेही वेगात नाही, थांबल्यावर, चारचौघांच्या देखत! अशा बहुतेक पेडलांच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) तो सैल केला की टाच जराशी बाहेर वळवली तरी बूट सुटतो. थांबायच्या आधीच पाय सोडवायचा आणि त्याच बाजूला कलायचं. उजवा सोडवून डावीकडे कलंडणारे महाभागही असतात.

नवी ट्यूब टाकूनही लगेच हवा गेली, याचं खापर मात्र लेखकांनी उगाच ट्यूबवर फोडलंय. काटा बहुधा टायरमध्येच रुतलेला असतो. आतून हलक्या हाताने बोटं फिरवून बघावं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा नव्हे, हवा कमी होती. खड्ड्यात आदळल्यावर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते.

आणि हो, पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नसतं. हे कुणी आपणहून सांगत नाही आणि विचारायला आपण लाजतो.