दिवा चुकला, भूत चुकलेलं नाही

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा आधी राग आला, मग मी तिसरं प्रकरण उघडलं आणि निमूटपणे एक ओळ खोडली. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या कादंबरीचं तिसरं प्रकरण इथे टाकलं होतं. काळ १८७४, गाव लंडन. सतरा वर्षांची मुलगी, आधी तार ऑफिसात कामाला, आता प्रेतात्मे बोलावणाऱ्या बैठकांमधली 'माध्यम'. ती खोटं करतेय का हे तपासायला एक शास्त्रज्ञ तिच्या अंगातून विजेचा बारीक प्रवाह सोडतो, आणि गॅल्व्हनोमीटरचा, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रकाशठिपका आपोआप अक्षरं लिहू लागतो. यावर सरांनी लिहिलं: "मी बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. विज्ञानात खरं काम केलेल्या बायका सोडून तुम्ही एका भोंदू पोरीला नायिका केलंत, वर तिचा चमत्कार खरा ठरवलात, आणि याला स्त्रीवादी म्हणता. हर्था एअर्टनवर लिहा की!" (एअर्टन म्हणजे विजेवर संशोधन केलेली इंग्रज शास्त्रज्ञ.) शिवाय तीन शेरे: १८७४ मध्ये बटण दाबून दिवा कसा लागला, हे सगळं लंडनमध्येच कशाला, आणि खऱ्या जगात चमत्कार मिसळणाऱ्या असल्या जादुई वास्तवाने अंधश्रद्धा वाढते.

दिव्याचं आधी. चूक माझीच. स्वान आणि एडिसन यांचे दिवे १८७९ च्या सुमाराचे, त्यामुळे माझ्या शास्त्रज्ञाच्या दिवाणखान्यात गॅसबत्तीच हवी. गंमत म्हणजे वीजप्रकाश तेव्हा अगदीच नव्हता असंही नाही. विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने त्याच वर्षी आपल्या घरी 'आत्म्या'चे फोटो काढले ते विजेच्या उजेडात, पाच कॅमेरे लावून. पण तो फोटोपुरता केलेला खटाटोप होता, भिंतीवरचं बटण नव्हे. दुरुस्ती केली आहे.

आता भोंदू पोरीकडे येते. माझी मुलगी काल्पनिक, पण तिच्या मागे एक खरी मुलगी आहे: लंडनमधल्या हॅकनीची फ्लॉरेन्स कुक. ती पडद्याआड बेशुद्ध पडायची आणि थोड्या वेळाने पांढऱ्या कपड्यातली 'केटी किंग' बाहेर यायची. तिची परीक्षा घेणारे क्रुक्स कोणी सोमेगोमे नव्हते. थॅलियम हे मूलद्रव्य १८६१ मध्ये त्यांनी शोधलेलं, रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे ते फेलो, म्हणजे निवडून घेतलेले सदस्य, पुढे तिचे अध्यक्षही झाले. विजेची परीक्षा रचणारे क्रॉमवेल वार्ली हे अटलांटिक समुद्राखालच्या तारेवर काम केलेले इंजिनिअर. त्यांनी सोन्याच्या दोन सॉव्हरिन नाण्यांना तारा जोडल्या, नाण्यांखाली अमोनियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद ठेवला आणि नाणी मुलीच्या मनगटांच्या जरा वर इलॅस्टिकने बसवली. मुलगी हा त्या सर्किटचा एक भाग. ती सुटून बाहेर आली तर प्रवाह तुटणार आणि बाहेर बसलेल्यांना कळणार.

क्रुक्सनी आणखी काय काय मोजलं बघा. केटीची नाडी ७५, थोड्या वेळाने फ्लॉरेन्सची ९०. फ्लॉरेन्सचे कान टोचलेले, केटीचे नाहीत. (हे वाचताना माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला.) १८८० मध्ये एका बैठकीत एकाने 'आत्म्या'ला धरून ठेवलं तेव्हा हातात सापडली ती फ्लॉरेन्सच. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर, भोंदूगिरी होतीच. मी ती कादंबरीतही लपवलेली नाही. पाचव्या प्रकरणात माझी मुलगी पांढरं मलमलीचं कापड कुठे दडवते ते सविस्तर येणार आहे.

पण सर, या पोरीबद्दल आपल्याला कळतं ते बहुतेक सगळं तिला तपासणाऱ्या पुरुषांनी लिहिलेलं. नाडी आहे, कान आहेत, तिच्या अंगातून गेलेल्या प्रवाहाची नोंद आहे. हातांना तारा बांधून अंधारात पडून राहताना तिला काय वाटत होतं, घरी किती पैसे जायचे, क्रुक्सना ती मनात हसायची की घाबरायची, हे कुठल्या यंत्राने टिपणार? तिथे मला जादू लागते. ठिपका अक्षरं लिहितो तो तिथे.

आणि ही जादूही मी आकाशातून आणलेली नाही. समुद्राखालच्या तारेवर संदेश वाचायचे ते आरशाच्या गॅल्व्हनोमीटरवरच. इवल्या आरशावरून परावर्तित झालेला ठिपका पट्टीवर डावीकडे सरकला की टिंब, उजवीकडे सरकला की रेघ. हे तुम्हाला मी काय सांगणार. माझी नायिका तार ऑफिसात शिकलेली, म्हणजे ती लिपी तिला पाठ. खोलीतले विद्वान बघताहेत की प्रवाह तुटला का, आणि ठिपका मात्र मजकूर सांगतोय. चमत्कार म्हणायचा तर एवढाच, बाकी सगळं यंत्र खरं आहे.

माझे वडील तारखात्यात होते. चहाचा कप रिकामा झाला की बशीवर चमच्याने कट्ट-कडकट्ट करायचे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आणते!" आईने मोर्स कधी शिकलेलं नव्हतं. आमच्या चाळीत तार आली की रडारड आधी आणि वाचणं नंतर, त्यामुळे वडिलांच्या खात्याबद्दल मला लहानपणी थोडी भीतीच वाटायची. लंडनच कशाला, याचं उत्तर इथे आहे. १८७० मध्ये कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोपासून थेट मुंबईपर्यंत तार जोडली गेली, बहुतेक समुद्राच्या तळाशी, गटापर्चा या रबरासारख्या चिकात गुंडाळलेली. १८७४ ला लंडनमध्ये ठिपका हलला तर त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला आपलं गाव होतं. पुढच्या प्रकरणात तिला मुंबईचा संदेश ऐकू येतो. कुणाचा, ते आत्ता सांगत नाही.

हर्था एअर्टनबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाहीच. कार्बनच्या दोन कांड्यांमधली विजेची कमान फुसफुसते का, तर धन कांडीच्या खळग्यापर्यंत हवेतला ऑक्सिजन पोचतो म्हणून, हे त्या बाईने शोधून काढलं. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत तिचा निबंध जॉन पेरी यांनी वाचला, कारण बाईला तिथे वाचायची मुभा नव्हती. १९०२ मध्ये फेलो म्हणून तिचं नाव सुचवलं गेलं तेव्हा कायदेशीर सल्ला आला की विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही. चार वर्षांनी त्याच सोसायटीने तिला ह्यूज पदक दिलं. पदक चाललं, खुर्ची नाही! तिथे बायका फेलो झाल्या त्या थेट १९४५ मध्ये. (१९०१ च्या जानेवारीत राणी गेली, म्हणजे हे व्हिक्टोरियन काळाच्या पलीकडचं, असा शेरा तुम्ही मारण्याआधी मीच मारते.)

तिचं चरित्र मराठीत यायलाच हवं. तुम्ही लिहा, पहिली प्रत मी विकत घेईन. मला मात्र दोन्ही बायका एकाच खोलीत दिसतात. एकीच्या अंगातून प्रवाह सोडायला नामांकित शास्त्रज्ञ तयार होते, दुसरीने प्रवाहाचा अभ्यास केला तर वकिलाला विचारावं लागलं. जी स्वतःहून बोलू शकत होती तिची कागदपत्रं आहेत, तिला माझी गरज नाही. जिच्या मनगटावर नाणी बांधली तिला कदाचित आहे.

जादुई वास्तवाने अंधश्रद्धा वाढते, ही भीती मात्र मला पटत नाही. बुवाच्या दारात रांग लावणारा माणूस कादंबरी वाचून गेलेला नसतो. टेबल आत्मे हलवत नाहीत, बसलेल्यांचे हातच नकळत ढकलतात, हे १८५३ मध्ये यंत्र करून दाखवणारा फॅरडे माझाही लाडका आहे. माझ्या शास्त्रज्ञाच्या भिंतीवर मी त्याची तसबीर लावली आहे, प्रकरण दोन, पुन्हा बघा.

आता एक काम. पाचव्या प्रकरणासाठी तुमची बत्तीस वर्षं हवी आहेत. समजा, तिने एका हाताचं नाणं मनगटावरून कोपरापर्यंत सरकवलं, किंवा दोन्ही नाणी काढून मधे ओला रुमाल ठेवला. ठिपका किती हलेल? की रुमालाचा रोध अंगाच्या रोधाच्या इतका जवळ आणता येईल की हलणारच नाही? टीपकागद सुकत गेला तर काय होईल, तेही. माझी अकरावी-बारावी कला शाखेची, ओहमच्या नियमापलीकडे मजल नाही. गणित मांडून दिलंत तर कापड दडवण्याचा प्रसंग मला नीट बसवता येईल, आणि या वेळी दिवा चुकणार नाही.